लिस्टेड कंपनीच्या बोर्डावर बाई डायरेक्टर आली की कारभार खरंच बदलतो का?

साठवणीतले_शेअर:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एका मिडकॅप कंपनीचे शेअर्स बरीच वर्षं पडून आहेत, वडिलांनी घेतलेले म्हणून विकले नाहीत. परवा पोस्टल बॅलटचा, म्हणजे मीटिंग न घेता भागधारकांचं मत घेण्याचा, मेल आला, एका बाईंना इंडिपेंडंट डायरेक्टर (प्रमोटर म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे ते, आणि मॅनेजमेंट, यांच्याशी संबंध नसलेली डायरेक्टर) म्हणून नेमायचंय, स्पेशल रिझोल्युशन आहे, म्हणजे साध्या बहुमताहून जास्त मतं लागतात, ई-व्होटिंग शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. इतकी वर्षं असे मेल मी न उघडताच सोडून दिलेत, यावेळी म्हटलं नीट वाचू. त्यात बाईंचं शिक्षण, तीस वर्षांचा अनुभव वगैरे सगळं आहे आणि शेवटी एक वाक्य, की त्यांच्या नेमणुकीने बोर्डाच्या विविधतेत भर पडेल. म्हणजे नक्की काय होईल ते कुठेच नाही.

ऑफिसमधल्या एकाला विचारलं तर तो म्हणाला कायद्याने एक बाई लागते म्हणून घेतात, विशेष काही नसतं त्यात. दुसऱ्या मैत्रिणीने कुठल्याशा कन्सल्टन्सीचा रिपोर्ट पाठवला, बोर्डावर बायका जास्त असलेल्या कंपन्या जास्त नफा कमावतात असं त्यात चार्ट काढून दाखवलंय. मला दोन्ही पटत नाहीये. बोर्डरूममध्ये काय चालतं ते आपल्यासारख्यांना दिसतच नाही, म्हणून इथे विचारतेय. कोणी आतून पाहिलं असेल तर सांगा प्लीज, बाई डायरेक्टर आल्यावर प्रत्यक्षात काय बदलतं? आणि मी मत देताना काय बघू?

रोखठोक_भागधारक:

ताई, तुमच्या ऑफिसातला माणूस अगदीच चूक बोलत नाहीये. मी पंचवीस वर्षं अॅन्युअल रिपोर्ट वाचतोय आणि २०१४-१५ चा तो काळ मला चांगला आठवतो. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १४९ मध्ये आलं की प्रत्येक लिस्टेड कंपनीच्या बोर्डावर किमान एक महिला हवी. सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, आधी १ ऑक्टोबर २०१४ ची तारीख दिली, मग ती १ एप्रिल २०१५ पर्यंत वाढवली, आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत स्टॉक एक्स्चेंजच्या साइटवर नेमणुकांचा नुसता पाऊस पडला. कितीतरी ठिकाणी प्रमोटरची बायको, बहीण, सून, मुलगी. आडनाव वाचलं की कळायचं. आणि तारीख उलटून गेली तरी नेमणूक न केलेल्यांमध्ये सरकारी कंपन्यासुद्धा होत्या, याचा मला जास्त राग आला होता, कारण नियम करणारेच ते.

आता घरातली बाई असली म्हणजे तिला अक्कल नाही असं मी म्हणत नाहीये, काही जणींनी धंदा फार चांगला सांभाळलाय. पण गव्हर्नन्सचा मुद्दाच हा आहे की प्रमोटरला प्रश्न विचारणारं कोणीतरी तिथे पाहिजे, आणि ज्या माणसासोबत एका घरात राहायचं त्याला भर मीटिंगमध्ये "हे कर्ज तुमच्या भावाच्या कंपनीला का दिलंत" असं विचारायचं म्हणजे सोपं आहे का? कोणासाठीच सोपं नाही.

अजून एक. बाई आहे म्हणून घोटाळा होणार नाही असं कोणी सांगत असेल तर त्याला एन्रॉन आठवून द्या. अमेरिकेतल्या या कंपनीच्या बोर्डाच्या ऑडिट कमिटीत, म्हणजे हिशेबांवर देखरेख करणाऱ्या समितीत, वेंडी ग्रॅम होत्या, अर्थशास्त्राच्या डॉक्टरेट, अमेरिकेच्या वायदे बाजार नियामक संस्थेच्या माजी अध्यक्ष. एवढ्या मोठ्या बाई कमिटीत असून २००१ मध्ये कंपनी बुडायची ती बुडालीच. तेव्हा स्त्री की पुरुष हे सोडा, माणूस स्वतंत्र आहे का ते बघा, असं माझं मत.

मिनिटबुक:

मी कंपनी सेक्रेटरी आहे, दोन लिस्टेड कंपन्या मिळून अठरा वर्षं बोर्ड मीटिंगची मिनिट्स, म्हणजे कामकाजाची नोंद, लिहितोय. रोखठोक साहेब २०१५ बद्दल बोलले ते खरंच आहे, मी स्वतः त्या मार्चमध्ये धावपळ केलीये. पण गोष्ट तिथे थांबली नाही ना. प्रमोटरचे नातेवाईक कायद्याने इंडिपेंडंट धरलेच जात नाहीत, पण महिला डायरेक्टर इंडिपेंडंटच हवी असं तेव्हा नव्हतं म्हणून घरातली बाई चालायची, आणि ही पळवाट दिसल्यावर २०१७ मध्ये उदय कोटक कमिटीने शिफारस केली की महिला डायरेक्टर नुसती नको, इंडिपेंडंट हवी. सेबीने ते मार्केट कॅपनुसार, म्हणजे सगळ्या शेअर्सच्या एकूण बाजारभावानुसार, पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १,००० ना १ एप्रिल २०२० पासून लागू केलं. ताईंची कंपनी मिडकॅप आहे म्हणजे यातच आली. तेव्हा आता प्रश्न घरातल्या बाईचा राहिलेला नाही, बाहेरून आलेल्या बाईचा आहे.

आता आतून काय दिसतं ते सांगतो, कंपनी कुठली ते विचारू नका.

आमच्याकडे पूर्वी ऑडिट कमिटीची मीटिंग चाळीस मिनिटांत उरकायची. चार पुरुष, सगळे एकमेकांना पंधरा-वीस वर्षं ओळखणारे, भले लोक होते, चोर कोणी नव्हतं. पण फाइल मीटिंगमध्येच उघडायची अशी सवय. अजेंडा सात दिवस आधी जायला पाहिजे, तो जायचा, पण निम्मे विषय "टेबल आयटम" म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टेबल आयटम म्हणजे ज्याची नोट आधी पाठवलेली नसते, मीटिंगच्या टेबलावरच ठेवतात आणि दहा मिनिटांत मंजूर करून घेतात. नेमके नाजूक विषय असेच यायचे.

मग एक मॅडम आल्या, चार्टर्ड अकाउंटंट, आयुष्यभर बँकांचं ऑडिट केलेलं. पहिल्याच मीटिंगच्या दोन दिवस आधी त्यांचा मला फोन, की नोटच्या पान २७ वर ग्रुप कंपनीकडून येणं असलेली रक्कम दाखवलीये, त्याचं एजिंग कुठाय? एजिंग म्हणजे कुठलं येणं किती दिवसांपासून थकलंय त्याचा तक्ता. मी सीएफओ साहेबांना विचारलं, ते म्हणाले मीटिंगमध्ये तोंडी सांगतो. मीटिंगमध्ये विषय आल्यावर मॅडमनी परत विचारलं. एमडी म्हणाले, "मॅडम, ते नंतर पाठवतो." त्या शांतपणे म्हणाल्या, "चालेल, मग हा विषयही नंतर घेऊ." आवाज चढवला नाही, काही नाही. पण खोलीत जी शांतता पसरली ती मला अजून आठवते, माझं पेन कागदावर तसंच थांबलं होतं कारण काय लिहायचं तेच कळेना. चेअरमननी विषय पुढे ढकलला. एजिंग आल्यावर दिसलं की जवळजवळ सगळी रक्कम दोन वर्षांहून जुनी आहे, आणि पुढच्या तिमाहीत त्याची प्रोव्हिजन, म्हणजे पैसे बुडतील असं धरून हिशेबात तरतूद, करावी लागली.

पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे. तीन-चार मीटिंगनंतर बाकीचेही नोट वाचून यायला लागले. एक साहेब दर दोन मीटिंगला एक चुकवायचे, ते नियमित झाले. टेबल आयटम बंदच झाले जवळजवळ, कारण ठेवला की मॅडम म्हणणार वाचायला वेळ द्या, आणि आता बाकीचेही त्यांच्या बाजूने मान हलवणार. एका माणसाने वाचून यायला सुरुवात केली की न वाचता आलेल्याला अवघडल्यासारखं होतं, एवढं साधं आहे ते.

आता हे त्या बाई होत्या म्हणून झालं की बाहेरच्या होत्या म्हणून की ऑडिटर होत्या म्हणून, मी खूप विचार केलाय यावर. माझं प्रामाणिक उत्तर असं की त्या जुन्या वर्तुळातल्या नव्हत्या हे मुख्य. आणि जुनं वर्तुळ सगळं पुरुषांचं असल्यामुळे बाहेरचं माणूस शोधायला लागल्यावर बाई सापडली, कायदा नसता तर आमच्या चेअरमननी त्यांच्या पाचव्या मित्राला घेतलं असतं, हे मी लिहून देतो.

आकडेमोड:

मिनिटबुक सरांनी जे डोळ्यांनी पाहिलं तेच जवळपास आकड्यांतही सापडलेलं आहे म्हणून लिहितोय. रेनी अॅडम्स आणि डॅनिएल फेरेरा यांचा अमेरिकन कंपन्यांवरचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला, या विषयात सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो त्याचाच. त्यांना काय मिळालं, तर महिला डायरेक्टर्सची हजेरी पुरुषांपेक्षा चांगली असते, आणि गंमत म्हणजे बोर्डावर महिलांचं प्रमाण जितकं जास्त तितकी पुरुषांचीही हजेरी सुधारते. महिला ऑडिटसारख्या देखरेखीच्या कमिट्यांवर जास्त जातात. आणि अशा बोर्डांत शेअरचा परतावा खराब असेल तर सीईओची खुर्ची जाण्याची शक्यता वाढते. म्हणजे देखरेख कडक होते.

पण त्याच अभ्यासात पुढे आहे की कंपनीच्या कामगिरीवर सरासरी परिणाम उणे निघाला! कारण शोधल्यावर दिसलं की ज्या कंपन्यांत भागधारकांची पकड आधीच चांगली आहे तिथे आणखी देखरेख वाढवून नुकसान होतं, आणि जिथे कारभार ढिला आहे तिथे फायदा. मला हे फार पटतं, कारण बोर्डाचं काम नुसतं पकडापकडीचं नाही, मॅनेजमेंटने मोकळेपणाने अडचण सांगावी हेही हवं असतं.

आता ताईंच्या मैत्रिणीच्या रिपोर्टबद्दल. नफ्यातल्या कंपन्यांत बायका जास्त दिसतात हे खरं असू शकतं, पण कोण कोणामुळे? मोठ्या, पैसेवाल्या, नाव सांभाळणाऱ्या कंपन्याच आधी महिलांना घेतात. नुसते दोन चार्ट शेजारी ठेवून ते सुटत नाही. अॅडम्स-फेरेरांनी त्यासाठी युक्ती वापरली, एखाद्या बोर्डावरचे पुरुष डायरेक्टर्स दुसऱ्या कुठल्या बोर्डांवर बायकांसोबत बसतात का ते पाहिलं, कारण ओळख असेल तर नेमणूक होण्याची शक्यता वाढते आणि त्या ओळखीचा कंपनीच्या नफ्याशी थेट संबंध नसतो. २०१५ मध्ये कोरिन पोस्ट आणि क्रिस बायरन यांनी १४० अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हिशेबातल्या नफ्याशी किंचित चांगला संबंध दिसला, शेअर बाजारातल्या किमतीशी जवळजवळ शून्य, आणि बोर्डाच्या दोन मुख्य कामांशी, म्हणजे देखरेख आणि स्ट्रॅटेजीतला सहभाग, चांगला संबंध. तेव्हा शेअर वाढेल म्हणून मत देऊ नका, हिशेब नीट तपासला जाईल या आशेने द्या.

नॉर्वेचं उदाहरण या चर्चेत कायम येतं म्हणून तेही. तिथे २००३ मध्ये कायदा झाला, पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या बोर्डावर किमान ४० टक्के महिला आणि किमान ४० टक्के पुरुष. जुन्या कंपन्यांना २००८ च्या सुरुवातीपर्यंत मुदत, नाही पाळलं तर कंपनीच विसर्जित करायची तरतूद. दंड वगैरे नाही, थेट टाळं. झटक्यात आकडा गाठला गेला. केनेथ अहर्न आणि एमी डिटमार यांनी २०१२ मध्ये दाखवलं की शेअर्स पडले आणि नव्या बोर्डांचा अनुभव कमी होता, नंतर दुसऱ्या संशोधकांनी तेच आकडे वेगळ्या पद्धतीने मांडले तर तो तोटा ठामपणे म्हणण्याएवढा उरला नाही. वाद अजून चालू आहे. पण मरियान बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, की बोर्डावर आलेल्या बायकांची पात्रता आधीच्या बायकांपेक्षा चांगली होती, म्हणजे "लायक बायका मिळत नाहीत" ही ओरड खोटी ठरली, पण बोर्डाच्या खाली कंपनीत काम करणाऱ्या बाकीच्या बायकांना त्याचा फारसा फायदा दिसला नाही. वरून झिरपेल असं वाटलं होतं, झिरपलं नाही.

ब्रिटनने उलट रस्ता घेतला, कायदा नाही, नुसतं उद्दिष्ट. २०११ मध्ये एफटीएसई १०० मध्ये, म्हणजे लंडनच्या शेअर बाजारातल्या शंभर मोठ्या कंपन्यांत, १२.५ टक्के महिला डायरेक्टर्स होत्या, डेव्हिस समितीने २०१५ पर्यंत २५ टक्के सांगितलं, ते गाठलं, मग ३३, मग ४० टक्के, तेही गाठलं. दर वर्षी नावानिशी यादी छापत होते कोण मागे आहे त्याची, मला वाटतं त्याची लाज कामाला आली. पण तिथेही वाढ मुख्यतः नॉन-एक्झिक्युटिव्ह, म्हणजे रोजचा कारभार न बघणाऱ्या, खुर्च्यांवर, सीईओ बायका अजून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच.

साठवणीतले_शेअर:

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. मिनिटबुक सर, तो "मग हा विषयही नंतर घेऊ" वाला प्रसंग मी घरी वाचून दाखवला. पण एक शंका. त्या मॅडम एकट्या होत्या तरी ऐकलं गेलं. प्रत्येक एकट्या बाईचं ऐकलं जातं का? माझ्या कंपनीत आठ जणांच्या बोर्डावर या दुसऱ्या असतील.

तिसरी_खुर्ची:

मी इथे फक्त वाचते, पण हा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी दोन लिस्टेड कंपन्यांवर इंडिपेंडंट डायरेक्टर आहे. एकीत मी एकटी होते पाच वर्षं, दुसरीत आम्ही तिघी आहोत. एकच बाई, एकच अनुभव, तीच मी, पण दोन्हीकडे मी वेगळी असते, हे मला सांगायचंय.

जिथे एकटी होते तिथे मला त्रास कोणी दिला नाही. सगळे अदबीने वागायचे, मॅडम आधी बसा, मॅडम तुमचं मत काय. पण मत विचारलं जायचं ते "महिलांच्या दृष्टीने" म्हणून. एकदा कर्जाच्या रिफायनान्सिंगवर मी व्याजदराच्या अटीबद्दल बोलले, माझं सगळं करिअर ट्रेझरीत गेलंय, दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग तोच मुद्दा शेजारच्या साहेबांनी मांडला आणि "साहेब म्हणतात ते बरोबर आहे" असं ठरलं. मिनिट्सचा ड्राफ्ट आला त्यात माझं नाव नव्हतं. ड्राफ्ट पंधरा दिवसांत येतो आणि त्यावर कळवायला सात दिवस असतात, मी तिसऱ्या दिवशी लिहून कळवलं की हा मुद्दा मी मांडला होता, नोंद व्हावी. झाली. क्षुल्लक वाटेल कोणाला. पण कायद्यात इंडिपेंडंट डायरेक्टरची जबाबदारी ठरते ती बोर्डाच्या कामकाजातून तिला काय कळलं होतं आणि तिने काळजीपूर्वक काम केलं का यावर, आणि त्याचा पुरावा म्हणजे ती मिनिट्स. माझा प्रश्न तिथे नसेल तर मी गप्प बसले होते असंच धरलं जाणार.

पहिली दोन वर्षं मला सीएसआर कमिटीवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामांच्या समितीवर, ठेवलं होतं. सीएसआर वाईट नाही, पण पैसा जिथून हलतो ती खोली ती नव्हे. ऑडिट कमिटीवर यायला मला स्वतः मागावं लागलं, आणि मागताना घशाला कोरड पडली होती, साठीच्या जवळ आलेली बाई मी.

आणि खरी अडचण मीटिंगमध्ये नसतेच. ठरतं ते आधीच, आदल्या रात्रीच्या फोनांवर. चेअरमन दोघातिघांशी बोलतात, आणि ते दोघेतिघे म्हणजे ज्यांच्याशी त्यांची जुनी ऊठबस आहे ते. आपण मीटिंगला जातो तेव्हा सगळं ठरून आलेलं असतं आणि आपण एकट्याच पहिल्यांदा ऐकत असतो. त्यावर मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मीटिंगच्या आधी इंटर्नल ऑडिटरशी मॅनेजमेंट नसताना बोलायचं, हे ऑडिट कमिटीच्या सदस्याला मागता येतं आणि मागितलं की नाही म्हणणं त्यांना अवघड जातं. दुसरी, इंडिपेंडंट डायरेक्टर्सची वर्षातून किमान एक वेगळी मीटिंग घ्यावीच लागते, एमडी आणि कंपनीचे अधिकारी नसताना, ती आमच्याकडे कागदोपत्री दहा मिनिटांत व्हायची. मी आग्रह धरून दोन तास घ्यायला लावली. पहिल्या वेळी बाकीचे चुळबुळ करत होते, दुसऱ्या वेळी ज्यांना मी एमडींचे माणूस समजत होते त्यांनीच सगळ्यात टोकदार प्रश्न काढला.

आता दुसरी कंपनी, जिथे आम्ही तिघी. तिथे मला कोणी "महिलांच्या दृष्टीने" विचारत नाही, कारण तिघींची तीन मतं असतात, गेल्या तिमाहीत एका अधिग्रहणावर आम्ही दोघी विरुद्ध एक अशा होतो. एक असली की ती बायकांची प्रतिनिधी, दोन असल्या की दोघींनी एकमेकींकडे बघितलं तरी लोकांना वाटतं काहीतरी ठरवून आल्यात, तीन झाल्या की मग त्या नुसत्या डायरेक्टर असतात. रोझाबेथ कँटर यांनी १९७७ मध्येच एकट्या पडलेल्या बाईबद्दल हे मांडलं होतं आणि पुढे बोर्डांवर अभ्यास करणाऱ्यांनीही तीनचाच आकडा धरला, पण मला तो वाचण्याआधी अंगावर आला होता.

तिथेच एकदा एक मोठा खर्च सर्क्युलर रिझोल्युशनने मंजूर करायला पाठवला, म्हणजे मीटिंग न घेता ईमेलवर सह्या. एकूण डायरेक्टर्सपैकी एक तृतीयांश जणांनी मागितलं तर तो विषय मीटिंगमध्ये घ्यावाच लागतो. नऊ जणांचं बोर्ड, आम्ही तिघींनी मागितलं, आणि एक तृतीयांश झाले. पहिल्या कंपनीत मी एकटी असताना हे शक्यच नव्हतं, मला आधी दोन साहेबांची मनधरणी करावी लागली असती. तीन हा आकडा असा थेट कायद्यातही कामाला येतो.

रोखठोक_भागधारक:

मॅडम, तुमचं वाचून माझ्या पहिल्या पोस्टमध्ये एक दुरुस्ती करतो. माणूस स्वतंत्र असून भागत नाही, त्याच्याजवळ माहिती वेळेवर पोचली पाहिजे आणि सोबत कोणीतरी पाहिजे. हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण मग एक सांगा, एवढे प्रश्न विचारल्यावर प्रमोटर तुम्हाला दुसरी टर्म का देतील?

तिसरी_खुर्ची:

पहिल्या कंपनीत नाही दिली. पाच वर्षं संपली, आभाराचा ठराव झाला, पत्र आलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. माझ्या जागी आणखी एका बाई आल्या आहेत, मी त्यांना फोन करून एवढंच सांगितलं की ऑडिट कमिटी पहिल्याच मीटिंगमध्ये मागून घ्या.

मिनिटबुक:

यातच सगळ्यात नाजूक दुखणं आहे. इंडिपेंडंट डायरेक्टरला पाच वर्षांपर्यंतची एक टर्म आणि जास्तीत जास्त दोन टर्म, आणि नाव सुचवतं बोर्डच. म्हणून भागधारकांचं मत महत्त्वाचं. १ जानेवारी २०२२ पासून लिस्टेड कंपनीत इंडिपेंडंट डायरेक्टरची नेमणूक स्पेशल रिझोल्युशननेच करावी लागते, म्हणजे विरोधाच्या किमान तिप्पट मतं बाजूने. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेबीने दुसरी वाटही दिली, तेवढी मतं नाही मिळाली तरी एकूण मतांत बहुमत आणि प्रमोटर सोडून बाकीच्या भागधारकांतही बहुमत असेल तर नेमणूक मंजूर. म्हणजे ताई, तुमच्यासारख्यांची मतं तिथे वेगळी मोजली जातात.

काय बघायचं विचारलंत ना. नोटिशीत सगळं मिळणार नाही, अॅन्युअल रिपोर्टमधलं कॉर्पोरेट गव्हर्नन्सचं प्रकरण काढा. तिथे प्रत्येक डायरेक्टरच्या हजेरीचा तक्ता असतो, आणि कोण कुठल्या कमिटीवर आहे तेही. आधीच्या महिला डायरेक्टर कुठल्या कमिटीवर होत्या ते बघा, ऑडिटवर की फक्त सीएसआरवर. नव्या बाई आणखी किती कंपन्यांवर आहेत तेही बघा, सात लिस्टेड कंपन्यांपर्यंत परवानगी आहे पण सात ठिकाणच्या नोट्स वाचायला माणसाला दिवस पुरत नाहीत, नॉर्वेमध्ये त्याच त्या थोड्या बायका अनेक बोर्डांवर दिसायला लागल्या होत्या तेव्हा त्यांना "सोनेरी स्कर्ट" असं म्हटलं जायचं, आणि दोष त्या बायकांना दिला गेला, ओळखीबाहेर न शोधणाऱ्यांना नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी कोणी मुदतीआधी राजीनामा दिलाय का. इंडिपेंडंट डायरेक्टरने राजीनामा दिला की त्याचं पत्र कारणांसहित स्टॉक एक्स्चेंजवर टाकावं लागतं आणि दुसरं कुठलंही महत्त्वाचं कारण नाही असं तिने लिहून द्यावं लागतं. "वैयक्तिक कारण" आणि त्याच तिमाहीत ऑडिटरही बदललेला, असं दिसलं तर थांबा आणि नीट वाचा.

आकडेमोड:

हजेरीच्या तक्त्यात मागच्या तीन-चार वर्षांची तुलना करा ताई, एका वर्षावरून काही कळत नाही. आणि रिलेटेड पार्टी ट्रान्झॅक्शन, म्हणजे प्रमोटरच्या जवळच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार, ते हिशेबाच्या टिपांमध्ये असतात, तिथेही नजर टाका. ऑडिट कमिटीतल्या फक्त इंडिपेंडंट सदस्यांनाच ते मंजूर करता येतात, तेव्हा या बाई त्या कमिटीवर गेल्या तर त्यांची सही सगळ्यात आधी तिथे लागणार.

साठवणीतले_शेअर:

काल रात्री बसले. पाच वर्षांचे अॅन्युअल रिपोर्ट डाउनलोड केले, हजेरीचे तक्ते वहीत उतरवून घेतले. आधीच्या मॅडम दर वर्षी सगळ्या मीटिंगना हजर आणि तरी पाचही वर्षं फक्त सीएसआर आणि स्टेकहोल्डर्स कमिटीवर, ऑडिटवर एकदाही नाही. त्या स्वतः बँकेतून निवृत्त झालेल्या! पुरुष डायरेक्टर्सपैकी एक जण एका वर्षी सहापैकी दोनच मीटिंगना आलेले आणि ते ऑडिट कमिटीवर. तिसरी_खुर्ची मॅडम, तुमची पोस्ट वाचली नसती तर हे माझ्या नजरेला पडलंच नसतं.

नव्या बाई आणखी दोनच कंपन्यांवर आहेत, एकीत ऑडिट कमिटीच्या चेअरपर्सन. मी बाजूने मत दिलं. मत देऊन झाल्यावर कंपनीच्या सेक्रेटरींना नोटिशीतल्या पत्त्यावर मेल पण केला, माझा फोलिओ नंबर लिहून, की नव्या डायरेक्टरना कुठल्या कमिटीवर घेणार आहात ते भागधारकांना कळावं, आणि मागच्या मॅडमना पाच वर्षांत ऑडिट कमिटीवर का घेतलं नाही. उत्तर येईल का माहीत नाही. नाही आलं तर एजीएममध्ये, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सभेत, स्पीकर म्हणून नाव नोंदवून हाच प्रश्न विचारणार आहे, तारीख कळली की इथे टाकते, कोणाकडे याच कंपनीचे शेअर असतील तर मला मेसेज करा.